अर्ध्या डोंगराची गाडी

मे महिना संपत आला की आमच्या आळीतली झाडून सगळी मांजरं विसूभाऊ शिवलकरांच्या अंगणात येऊन बसायची. पंधरा-वीस तरी असतील. कारण त्या सुमारास विसूभाऊ आपल्या मोटारीला मुशीचं तेल लावायचे.

वाचण्यात चूक झाली असं वाटेल, म्हणून पुन्हा सांगतो. मोटारीला. मुशी हा मासा, आणि त्याच्या काळजातून काढलेलं हे तेल मिरकरवाड्यातले लोक होड्यांच्या लाकडाला लावतात. त्याचा वास मी वर्णन करून सांगणार नाही, कारण तुम्ही कदाचित जेवायला बसला असाल. आमची सौभाग्यवती सुनंदा ते दोन दिवस दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि मला विचारायची, "अख्ख्या रत्नागिरीत तुम्हाला हेच घर मिळालं?" जणू काही मी वास घेऊन घर भाड्याने घेतलं होतं.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर ओढतात, तेल लावतात आणि झावळ्यांनी झाकून ठेवतात. याला होडी शाकारणं म्हणतात. विसूभाऊ गाडी शाकारायचे. चारी चाकं काढून पलंगाखाली, गाडी चार जांभ्या चिऱ्यांवर, वरून झावळ्यांचा झाप. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात समुद्राला नारळ पडला, की इकडे विसूभाऊ गाडीपुढे नारळ फोडायचे आणि चाकं लावायचे. मधले अडीच महिने स्वतः छत्री घेऊन पायी.

"खारं वारं आणि पावसाचं पाणी, दोघं मिळून लोखंड खातात, मास्तर," ते मला सांगायचे. "बोटवाल्यांना अक्कल हाय, ते बोट उचलून ठेवतात. गाडीवाल्यांना नाय. मग पाच वर्षांत पत्रा सडतो, नि चालले नवीन आणायला."

विसूभाऊ मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेली. अंगाने काटकुळे, कानावर केस, खांद्यावर कायम एक पंचा, ज्याने ते आधी गाडी पुसायचे आणि मग तोंड. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या त्याला तीन वर्षं झाली होती. मुलगा प्रसाद पुण्याला, आणि तोही कुठे, तर मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर. मी शेजारी राहणारा, हायस्कुलात विज्ञान शिकवणारा. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा होता आणि त्याच्यावर कोपरं टेकून विसूभाऊंनी मला जेवढं शिकवलं, तेवढं मी मुलांना वर्गात शिकवलं असतं तर माझा निकाल बरा लागला असता.

त्यांचं मुख्य शिकवणं एका वाक्यात होतं. "एक गाडी म्हंजे अर्धा डोंगर."

म्हणजे असं, की गाडीला लोखंड लागतं, ते डोंगर फोडून काढतात. लोखंड वितळवायला कोळसा लागतो, तो दुसरा डोंगर फोडून काढतात. वर पाणी, वर वीज, वर रबर. म्हणजे गाडी दुकानात येऊन तिला हार घालायच्या आधीच तिच्या नावावर ढीगभर धूर झालेला असतो. "माझी गाडी जन्मली तेव्हा जो काय धूर व्हायचा तो होऊन गेला," विसूभाऊ म्हणत. "आता ती जगेल तेवढा डोंगर वाचला." अर्धाच डोंगर का, पाव का नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमी डोंगर फोडायला गेला होतात काय?" मी गेलो नव्हतो.

हे ज्ञान ते स्वतःजवळ ठेवते तर हरकत नव्हती. आमच्या आळीच्या तोंडाशी राहणाऱ्या बँकेतल्या पराडकरांनी नवीकोरी गाडी घेतली आणि घरोघर पेढे वाटले. विसूभाऊंनी पेढा तोंडात टाकला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि अत्यंत आपुलकीने विचारलं, "छान हाय. डोंगर कुठला?" पराडकर त्यानंतर वर्षभर आमच्या बाजूने जाईनात. लांबचा वळसा घालून बँकेत जायचे, म्हणजे त्या प्रश्नाने जाळलेलं पेट्रोल वेगळंच.

गाडी पाहिली असतीत तर तुम्हीही तिला नमस्कार केला असतात. साठच्या दशकातली, कुणा आंब्याच्या व्यापाऱ्याकडून विसूभाऊंनी जुनीच घेतलेली. तिच्यात मूळचं काय राहिलं होतं हा संशोधनाचा विषय. इंजिनाचा पट्टा पिठाच्या गिरणीचा, भोंगा मासेमारीच्या ट्रॉलरचा. तो वाजला की गावातल्या म्हाताऱ्या बंदराकडे बघायच्या. मागची दोन्ही दारं लागत नसत म्हणून ती जाळ्याच्या नायलॉन दोरीने बांधलेली, आणि ती गाठ विसूभाऊंनाच सुटायची.

खेडला एका लग्नाला त्यांनी आम्हा उभयतांना त्या गाडीतून नेलं. मंडपापाशी गाडी उभी केली, "पत्ता बरोबर ना बघून येतो" म्हणून उतरले, आणि आत त्यांना कारखान्यातला जुना सोबती भेटला. आम्ही मागच्या सीटवर बांधलेले. पुढच्या सीटची पाठ इतकी उंच की सुनंदाला शालूनिशी तिच्यावरून जाणं शक्य नाही. मी ओरडायला लागलो, पण आत बँडवाले त्याहून जोरात. शेवटी वधूच्या मामांनी आम्हाला खिडकीतून ओढून काढलं. तोवर मंगलाष्टकं होऊन लोक पंगतीला बसले होते. सुनंदा परत येताना रेल्वेने आली. मी गाडीतून आलो, कारण माणसाला शेजाऱ्यांशीही संबंध ठेवायचे असतात.

आता रविवारचं सांगतो.

रविवारी सकाळी ठीक दहा वाजता विसूभाऊंच्या पडवीतला फोन वाजायचा. पुण्याहून प्रसाद. आणि दहा वाजून एक मिनिटाने गडग्यापलीकडून विसूभाऊंचा आवाज यायला लागायचा. फोरमनचा आवाज, मशीनच्या खडखडाटात चाळीस वर्षं कमावलेला. त्याला खरं म्हणजे फोनची गरज नव्हती.

"अरे, तुझी नवी गाडी मागून धूर कमी सोडते, मान्य. पण पुढून सोडला त्याचं काय? जन्माच्या आधी सोडला त्याचं?"

मग पलीकडून प्रसाद बोलत असणार. बाबा, त्या गाडीच्या सीटला पट्टे नाहीत, ब्रेक धड नाहीत. बाबा, एका लिटरात ती किती जाते ते तुम्ही कुणाला सांगत नाही. बाबा, कारखान्यातल्या लोकांना सवलतीत गाडी मिळते, मी तुम्हाला पाठवतो, ही भंगारात द्या.

"भंगारात तू जा," इकडून. आणि पुन्हा डोंगर.

हे चाळीस-चाळीस मिनिटं चालायचं. शनिवारी संध्याकाळी विसूभाऊ गडग्यावर कोपरं टेकून उभे राहायचे. हातात दोनशे पानी वही. "मास्तर, उद्याला नवीन मुद्दा द्या. तो डोंगराला आता दाद देत नाय." मी कधी रबराचा मुद्दा दिला, कधी रंगाचा, कधी जुन्या गाडीचा पत्रा वितळवायलाही पुन्हा भट्टीच लागते हा. तो फार गाजला. सोमवारी मला त्याबद्दल एक पापलेट मिळालं. सुनंदा म्हणाली, "शाळेपेक्षा इथला पगार बरा आहे."

विसूभाऊंचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालणं फार कठीण. नवी गाडी घडवायला जे जळतं ते भरून निघायला ती पुष्कळ चालावी लागते. रोज लांबचा पल्ला मारणाऱ्याने जुनं धूड ठेवलं तर तो हवेचं वाटोळंच करतो. पण विसूभाऊ जायचे कुठे? बुधवारी मिरकरवाडा, शनिवारी बाजार, आणि वर्षाचे अडीच महिने गाडी झावळ्यांखाली. एवढ्याशा फिरण्यासाठी एक नवी गाडी घडवणं हे पापच. हे मला दिसत होतं. पुण्यातल्या इंजिनीअरला कसं दिसत नाही, याचा मला राग यायचा. मास्तर माणूस, मला चुकीचं उत्तर बघवत नाही.

त्या वर्षी गाडीचं पासिंग संपत आलं. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी नव्याने पास करून घ्यावं लागतं. प्रसादने फोनवर शेवटचं सांगितलं की बाबा, या वेळी पासिंग करायचं नाही. पाडव्याला नवी गाडी दारात येईल आणि जुनी मी माणूस पाठवून उचलून नेतो. त्या दिवशी विसूभाऊंचा आवाज गडगा ओलांडून आला नाही. संध्याकाळी बघतो तर म्हातारा गाडीच्या बॉनेटवर पंचा टाकून नुसता बसलेला. मला काही ते बघवेना.

आणि मग मी माझ्या आयुष्यातला सर्वांत हुशार मूर्खपणा केला. प्रसादला पत्र लिहिलं.

साधंसुधं पत्र नव्हे. चार फुलस्केप पानं, डाव्या बाजूला समास सोडून. पक्ष, त्याखाली साध्य, मग सिद्धता. गाडी घडवताना काय काय जळतं, चालवताना काय काय जळतं, वडील वर्षाला किती फिरतात, त्यावरून किती वर्षांनी नवी गाडी फायद्याची ठरेल. जेवढं पुस्तकात मिळालं तेवढं पुस्तकातून, बाकीचं अंदाजाने, पण अंदाज आहे असं प्रामाणिकपणे लिहून. शेवटी लाल शाईने दोन रेघा मारून उत्तर की वडील हयात असेपर्यंत जुनी गाडी ठेवणं हेच हवेच्या हिताचं आहे. विसूभाऊंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, म्हणाले, "मास्तर, ह्याला म्हंतात अक्षर," आणि स्वतः पोस्टात टाकून आले.

पुढच्या रविवारी दहाला फोन वाजला. मी मुद्दाम पायरीवर पेपर घेऊन बसलो. दोन मिनिटांत रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. विसूभाऊ बाहेर आले.

"मानला," म्हणाले. "म्हणतो, बाबा, तुमचं बरोबर हाय. माझंच चुकलं. ठेवा गाडी, पासिंग करून घ्या."

मी सुनंदाला शिरा करायला लावला. विसूभाऊंनी बशीतला शिरा संपवला, छान झालाय म्हणाले, आणि उठून घरी गेले. आनंदाने भारावले असतील, असं मी समजलो.

त्यानंतरचे रविवार मात्र विचित्र जायला लागले. फोन वाजायचा. "हां. बरा हाय. घेतो गोळ्या. तू बरा ना? बरं." संपलं. पासिंगचे कागद भरून झालेले, गाडी दारात उभी, पण विसूभाऊ बुधवारी मिरकरवाड्याला पायीच जायला लागले. शनिवारी गडग्यावर कोपरं टेकायचे, वही नसायची. एका रविवारी फोन वाजलाच नाही. साडेदहाला विसूभाऊंनी रिसीव्हर उचलून कानाला लावून बघितला, लाइन चालू आहे का ते. मला पायरीवरून दिसत होतं.

तेवढ्यावर मला कळायला हवं होतं. पण विज्ञान शिकवणाऱ्याला सगळं सिद्ध करून दाखवावं लागतं.

सोमवारी संध्याकाळी शाळेतून आलो तर विसूभाऊ आमच्या पडवीत बसलेले. हातात माझ्या चार पानांची झेरॉक्स.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्याच्यात चूक काढा."

"चूक? अहो, आपण जिंकलो की."

"तेच म्हणतो. चूक काढा."

मला जरा झोंबलंच. मी म्हटलं, गणित दोनदा तपासलेलं आहे. त्यावर ते बराच वेळ पंचाने झेरॉक्सवरची नसलेली धूळ पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"प्रसाद लहान होता तेव्हा मी कारखान्यात. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. मुलगा वाढवला तो हिने. तो पुण्याला गेला, फोन यायचा तो हिला. अर्धा-अर्धा तास बोलायची दोघं, काय बोलायची कुणास ठाऊक. शेवटी ती रिसीव्हर माझ्याकडे द्यायची. मी म्हणायचो, बरं हाय ना, ठेवतो. एवढंच. मला येतच नाय मास्तर, काय बोलायचं ते. ही गेली, नि फोन माझ्याकडे आला. तो विचारायचा, गोळ्या घेतल्या? मी म्हणायचो, घेतल्या. मग दोघंही गप. गप बसायला एसटीडीचे पैसे कोण भरणार?"

मी शाळेची पिशवी खाली ठेवून त्यांच्याजवळ बसलो.

"मग एकदा तो म्हणाला, बाबा, ती गाडी विका. मला आला राग. मी बोलायला लागलो. तोही बोलायला लागला. फोन ठेवला तेव्हा बघतो तर पाऊण तास झालेला. जन्मात पहिल्यांदा माझा मुलगा माझ्याशी पाऊण तास बोलला. आणि दुसऱ्या रविवारी मुद्दा शोधून पुन्हा आला. माझ्यासाठी. माझ्याशी भांडायला." ते थांबले. "तुमी भांडण मिटवलंत, मास्तर. तुमचा दोष नाय. पण आता तो काय बोलणार माझ्याशी?"

मला इतकी शरम वाटली की मी चार पानं त्यांच्या हातातून घेतली आणि चष्मा लावला. वीस वर्षं मुलांच्या वह्यांतल्या चुका काढतोय, पण स्वतःच्या उत्तरात चूक सापडावी म्हणून देवाची प्रार्थना पहिल्यांदाच केली. आणि सापडली. मी गाडीच्या धुराचा हिशेब ती नीट चालते असं धरून केला होता. प्रत्यक्षात तिच्या मागे उभं राहिलं तर पलीकडचा माणूस दिसत नसे. नुसता डोंगर मोजला होता, धूर मोजलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी पीयूसी काढायला घेऊन गेलो. तिथल्या माणसाने नळी लावली, यंत्राकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि नळी काढून घेतली.

"काका, नापास."

"खूप नापास?" विसूभाऊंनी आशेने विचारलं.

"म्हंजे काय, यंत्र बिघडेल माझं."

"मग तसं लिहून द्या."

"नापासाचा दाखला देत नाय हो आमी. पासाचा देतो."

विसूभाऊंनी त्याला इतकी गळ घातली की शेवटी त्याने पावतीच्या पाठीवर लिहून सही करून दिली. त्या गृहस्थाच्या आयुष्यात नापास झाल्याबद्दल आभार मानून चहा पाजणारं तेच पहिलं गिऱ्हाईक असेल. पावती त्याच दिवशी पुण्याला रवाना झाली, सोबत माझी अर्ध्या पानाची चिठ्ठी की प्रिय प्रसाद, माझ्या आधीच्या गणितात गंभीर चूक आढळली आहे, आणि तुझे वडील ती मान्य करायला तयार नाहीत.

हेही सांगायला हवं की त्याच आठवड्यात विसूभाऊंनी कार्बोरेटर खोलून साफ केला, प्लग बदलले, दोन दिवस खपून धूर जाग्यावर आणला. "लोकांच्या नाकात कशाला," म्हणाले. गाडी रीतसर पास झाली. त्या दाखल्याचं त्यांनी प्रसादला कळवलं नाही, आणि मीही कळवलं नाही.

रविवारी मी पायरीवर बसलो. दहा वाजले. दहा वाजून पाच मिनिटं झाली. सुनंदा आतून दोनदा चहा घ्या म्हणाली, मी नुसतं हूं केलं. विसूभाऊ फोनपाशी उभे होते, हात पाठीमागे बांधून, मुलाखतीला आल्यागत. दहा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला.

"कोण? बोल... नापास झाली म्हणून काय झालं? तू दहावीला बीजगणितात नापास झाला होतास, तुला भंगारात दिला काय आमी?"

मी पेपर उघडला, पण वाचला नाही. माझे वडील मी तिशीत असताना गेले. आम्ही दोघं एकमेकांना फार जपून होतो. कधी आवाज चढवला नाही, कधी शब्दाला शब्द लागला नाही. लोक कौतुक करायचे. त्या दिवशी पायरीवर बसून मला प्रथमच वाटलं की एखादी मोडकी गाडी आमच्याही घरात असायला हवी होती.

पन्नास मिनिटांनी विसूभाऊ गडग्यापाशी आले. चेहरा लाल, कपाळावर घाम, घसा बसलेला.

"ऐकत नाय हो माझा मुलगा," ते म्हणाले. "अजिबात ऐकत नाय." डोळ्यांतलं पाणी त्यांनी गाडी पुसायच्या पंचानेच टिपलं. "मे महिन्यात स्वतः येतो म्हणाला, गाडी बघायला. मागच्या मे महिन्यात पण म्हणाला होता. येईल, नाय येईल. पण पुढच्या रविवारी करतो म्हणालाय, ते करणार. मधले सहा दिवस तेवढे काढायचे."